'मा रेवा'चा उगम

जबलपूर-कटनी रेल्वेमार्गावरच्या सिहोरा तालुक्यातून हिरण नदी वाहते आणि पुढे नर्मदेला मिळते. या खोऱ्यात नर्मदा म्हणजे रेवा. तिची गाणी घाटांवर आणि परिक्रमेच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यांतलंच एक, 'मा रेवा', २००० साली दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या रॉक बँडच्या 'कंदिसा' अल्बममधून देशभर पोचलं. स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला हा त्यांचा दुसरा अल्बम.

पहिला अल्बम १९९३चा. त्यात भर वाद्यांवर होता: सुस्मित सेन यांची गिटार, असीम चक्रवर्ती यांचा तबला. १९९७चा 'डेझर्ट रेन' मैफलीतच ध्वनिमुद्रित झाला. तोवर ड्रमवर अमित किलाम आले होते. 'कंदिसा'त मात्र गळा पुढे आला. केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतलं अरामी स्तोत्र, गोरख पांडे यांचं भोजपुरी जनगीत आणि नर्मदेचं लोकगीत, अशी दूरदूरची गाणी एका अल्बममध्ये आली. समूहाने म्हणायच्या या रचना. बँडनेही त्या अनेक आवाजांत गायल्या.

हा बदल कुठून आला, याचा माग काढत गेलं की आपण नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्रात पोचतो. बँडचे बास गिटारवादक राहुल राम १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात या धरणाविरुद्धच्या नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते. मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यात मणिबेलीसारखी महाराष्ट्रातली सातपुड्याची गावंही होती. मोर्चात, सत्याग्रहात गाणं हे माणसं एकत्र बांधण्याचं साधन होतं. वरच्या अंगाला, जबलपूरजवळच्या बरगी धरणाने आधीच गावं बुडवली होती. अशा काळात नदीला आई म्हणणं म्हणजे तिच्यावरचा आपला हक्क सांगणंही होतं.

खोऱ्यातलं 'मा रेवा' राहुल राम यांनी बँडकडे आणलं. बास आणि ड्रम जोडले गेले, तरी त्याचा सामूहिक ठेका टिकला. म्हणूनच शहरातल्या श्रोत्यालाही ते नुसतं ऐकून भागत नाही. तो सोबत गाऊ लागतो.

बँडच्या वाटचालीत 'कंदिसा'चं श्रेय चार वादकांना मिळतं, आणि ते रास्तच आहे. पण या अल्बमच्या वंशावळीत नर्मदाकाठच्या अनाम गायकांचं स्थान पूर्वजांचं आहे. ते मान्य केल्याशिवाय भारतीय रॉकचा इतिहास पुरा होत नाही.