घाव घातलात, तर शेवटपर्यंत जा

1890 सालचा फाल्गुन. दिवस उगवायला अजून अवकाश आहे. आज तुम्ही ज्या गावाला अंबाजोगाई म्हणता, त्याचं नाव निजामाच्या दफ्तरात मोमिनाबाद आहे. गावाजवळ हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी आहे. तुमच्या मांडीखाली दख्खनी घोडी आहे आणि हातात बांबूचा लांब भाला. शेजारी मिशा पिकलेला दफेदार. योगेश्वरीच्या देवळाच्या दिशेने तो हात जोडतो आणि घोडा बालाघाटाच्या उताराकडे वळवतो.

ज्वारी निघालेली आहे. रानात धसकटं उभी, कडब्याच्या गंजी रचलेल्या. काळ्या जमिनीला भेगा पडू लागल्यात. अशा भेगेत घोड्याचा पाय गेला, की घोडा आणि स्वार दोघेही संपले. नाल्याच्या काठी दफेदार खाली उतरतो. हरभऱ्याचं वावर रात्रीत उकरून निघालंय. ओल्या मातीत खुरांच्या जोडखुणा आहेत आणि त्यांच्यामागे दोन बारीक टोचे.

“एकलं डुक्कर हाय. मोठा नर,” तो म्हणतो. “पावणं, मादी निघाली तर घोडं घालायचं न्हाई. संगं पिल्लं असतेत.”

तुमच्या हातातला भाला इथल्या पद्धतीचा आहे. मुंबई इलाख्यात आणि दख्खनेत भाला लांब असतो, तो खालून धरतात. बंगालकडचा आखूड, मागच्या टोकाला शिसं भरलेला, वरून खुपसायचा. मेरठकडे 1874 पासून घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारण्याची कादिर कप स्पर्धा भरते. ज्याच्या भाल्याला पहिलं रक्त लागेल, त्याचा मान. गेल्याच वर्षी बेडन-पॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या खेळावर पुस्तक काढलंय. पुढे हाच गृहस्थ स्काउट चळवळ उभी करणार आहे. साहेबलोकांचं सगळं कौतुक त्या पहिल्या रक्ताचं. दफेदाराला शेवटच्या घावाची काळजी आहे, आणि मला तोच खरा शिकारी वाटतो.

नाल्याच्या वरच्या अंगाने हलगी वाजू लागते. हाकेकरी ओरडत सिंदीच्या बनात शिरतात. मोर उडतात, एक ससा निसटतो. मग बोरीच्या जाळीतून ते बाहेर येतं: राखी-काळं, मानेवरची आयाळ ताठ, खांदे उंच, मागचा भाग उतरता. शंभर किलोच्या आसपासचा ऐवज. खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून पाजळलेले, आणि तेच घोड्याचं पोट फाडतात.

तुम्ही टाच मारता. वाटलं होतं त्यापेक्षा ते फार वेगाने पळतं. भाल्याचं टोक त्याच्या पाठीवर यावं तोच ते झुकांडी देतं आणि घोडी सरळ पुढे निघून जाते. पुन्हा वळायचं, पुन्हा गाठायचं. नेमकी जागा दफेदाराने सकाळीच बोट ठेवून दाखवली होती: पुढच्या पायाच्या लगेच मागे, खालच्या अंगाला. काळीज तिथे असतं. थोडं वर गेलात, तर निदान फुप्फुस लागेल. खांद्यावर मारू नका. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कूर्चेसारखा जाड थर असतो. आपसातल्या झुंजीत सुळे झेलायला निसर्गाने दिलेली ती ढाल आहे. तिथे पातं अडतं.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पण घोडी उधळलेली, जमीन फाटलेली आणि जनावर वाकडंतिकडं पळणारं. भाला हातभर मागे लागतो. पोटात. बांबू मोडतो आणि डुक्कर घळीत घुसतं.

दफेदार शिवी देत नाही. तो खाली उतरतो, पळसाच्या एका पानावरचं रक्त बोटावर घेतो, हुंगतो. फेसाळ गुलाबी असतं तर फुप्फुस लागलं, जनावर जवळच पडलं असतं. हे मळकट आहे, त्याला शेणाचा वास येतोय. म्हणजे आतडं. म्हणजे ते लवकर मरणार नाही, तासन् तास कळा सोसणार.

“आता परतायचं न्हाई,” तो म्हणतो.

ऊन चढतं. मशकीतलं पाणी संपतं. घळीत माग हरवतो, पुन्हा सापडतो. जखमी डुक्कर कधी उलटून अंगावर येईल सांगता येत नाही, म्हणून दफेदार तुम्हाला मागे ठेवतो. शेवटी करवंदीच्या जाळीत ते मागचे पाय टाकून बसलेलं दिसतं. तुम्हाला पाहून उठू बघतं. दफेदार बाजूने जातो आणि दाखवलेल्या जागीच भाला रोवतो. क्षणात संपतं. तो तुमच्याकडे बघत नाही, आणि तेच लागतं.

आता आजच्या बीडमध्ये या. 1903 साली कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झालं, 1948 मध्ये निजामशाही गेली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. माजलगाव-गेवराईच्या उसात डुकरांना बारमाही आसरा मिळाला. रात्रीत भुईमुगाचं वावर उलथून पडतं. शेतकऱ्याचा संताप खरा आहे, नुकसानही खरं आहे. पण त्यावर जे उपाय चोरून चालतात, ते पाहवत नाहीत. खाण्यात लपवलेला गावठी बॉम्ब चावला, की जबडा उडतो आणि जनावर उपाशी, तडफडत मरतं. तारेचा फास मांसात रुततो. कुंपणात सोडलेली वीज तर डुक्कर आणि माणूस यांत फरक करत नाही.

तेव्हा कुंपणात वीज सोडू नका. पिकाचा पंचनामा करून घ्या, वनखात्याकडे भरपाईचा अर्ज लगेच करा. डुकरांचा उपद्रव थांबतच नसेल, तर कायद्याच्या कलम 11 खाली लेखी परवानगी मागता येते. ती मिळाली, तर बंदूक अशाच माणसाच्या हाती द्या, जो नेमकी जागा ओळखतो आणि नेम चुकला तर माग सोडत नाही. असा माणूस मिळत नसेल, तर मिळेपर्यंत थांबा.