बेचाळीसचा गुप्त रेडिओ आणि सरकारचे कान

लढाई नुसत्या तोफाबंदुकांनी होत नाही, ती कानांनीही होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने दिल्लीस आनंद पर्वतावर एक लष्करी केंद्र चालविले होते. शत्रूचे बिनतारी संदेश टिपावयाचे व त्यांतील सांकेतिक भाषा उलगडावयाची, हे तेथील काम. जपानी लष्कराच्या जलवाहतुकीचा संकेत १९४३ साली तेथे फुटला. तो फोडणाऱ्यांपैकी विल्फ्रिड नॉइस हे गृहस्थ पुढे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होते.

परंतु सरकारचे कान केवळ जपानकडे लागलेले नव्हते. मुंबईत ते आपल्याच माणसांवर रोखलेले होते. आपले सिरसाळे तेव्हा निजामाच्या राज्यात. तिकडे मुंबईत २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरच्या लहरीवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. तो चालविणाऱ्यांत बावीस वर्षांच्या उषाबेन मेहता प्रमुख होत्या. चिमूर व आष्टी येथील अत्याचारांची जी हकीगत छापावयास वर्तमानपत्रे धजत नव्हती, ती या रेडिओने देशाला ऐकविली. बायकांवर काय गुदरले हे जगाला कळावे म्हणून एका मुलीने जीव धोक्यात घातला, हे आपण विसरता कामा नये.

लहर कोठून येते याचा माग यंत्राने काढता येतो. म्हणून ही मंडळी वारंवार जागा बदलीत. अखेर घात केला तो यंत्राने नव्हे, माणसाने! पकडला गेलेला एक यंत्रज्ञ फुटला आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री पोलीस दारात आले. आत ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती, ती मी थांबविली नाही, असे उषाबेन पुढे सांगत.

नंतर कित्येक महिने चौकशी झाली. त्यांनी तोंड उघडले नाही, न्यायालयातही नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यास ठेवले, १९४६ साली सुटका झाली. पुढे मुंबईत त्या राज्यशास्त्र शिकवीत. २००० साली त्या वारल्या.

गंमत पाहा. पोलिसांनी ती भाषणे ऐकून शब्दशः उतरवून ठेवली होती, खटल्यात पुरावा व्हावा म्हणून. आज ती आपणांस वाचावयास मिळतात, ती त्याच सरकारी टिपणांमुळे.