‘अ बिट’ म्हणजे किती?

इंग्रजींत ‘अ बिट’ असें एक लहानसें परिमाणवाचक क्रियाविशेषण आहे. शाळेंत त्याचा अर्थ ‘जरा’ किंवा ‘थोडेंसें’ असा सांगतात आणि तो बरोबरच आहे. ‘बिट’ हा शब्द ‘बाइट’, म्हणजे चावणें, या धातूचा सोयरा. मूळ अर्थ चावून तोडलेला घास. घासाचा पुढें कोणताही तुकडा झाला, आणि तुकडा गुणाचें किंवा क्रियेचें अल्प प्रमाण सांगूं लागला. आपल्या ‘जरा’चें कुळही असेंच आहे. अरबींत ‘जर्रा’ म्हणजे कण.

परंतु कोशांतला अर्थ आणि बोलण्यांतला अर्थ नेहमीं एक नसतो. इंग्रजांतील सुशिक्षित वर्गाची एक जुनी रीत अशी कीं, संकट जितकें मोठें, तितका शब्द लहान.

या रीतीची किंमत कोरियाच्या युद्धांत दिसली. २२ एप्रिल १९५१ च्या रात्रीं इम्जिन नदीवर चिनी फौजांनीं हल्ला चढविला. ब्रिटिशांच्या २९ व्या ब्रिगेडमधील ग्लॉस्टरशायर पलटण एका टेकडीवर वेढली गेली. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनीं आपले वरिष्ठ, अमेरिकन सेनापति रॉबर्ट सूल, यांना परिस्थिति ‘अ बिट स्टिकी’, म्हणजे जराशी बिकट, असल्याचें कळविलें, असें सांगतात. ब्रिटिश कानाला त्याचा अर्थ ‘प्राणांवर बेतलें आहे’ असा झाला असता. अमेरिकन कानाला वाटलें, अडचण आहे, पण पलटण तग धरून आहे. माघारीचा हुकूम वेळेवर सुटला नाहीं. २५ एप्रिलला प्रतिकार संपला. ५०० हून अधिक सैनिक कैद झाले, मोजकेच निसटले. सारा दोष एका शब्दावर ढकलणें अन्यायाचें होईल. शत्रूचें बळ अफाट होतें, आणि सुटकेस निघालेली कुमक वाटेंतच अडली होती. तरीही तो शब्द इतिहासांत राहिला.

ही रीत आपणांसही परकी नाहीं. ‘जरा जेवून जा’ म्हणणाऱ्या गृहिणीच्या मनांत पूर्ण पान असतें; ‘जरा बरें नाहीं’ म्हणणाऱ्या वडिलांसाठीं कधीं डॉक्टरांस बोलवावें लागतें. घरच्यांना तें न सांगतां उमगतें, परक्याला नाहीं. म्हणून अशा शब्दाचा अर्थ लावतांना ‘किती?’ इतकेंच नव्हे, तर ‘कोणीं, कोणास म्हटलें?’ हेंही पाहावें. आणि जेथें माणसांचे प्राण पणाला लागले असतील, तेथें ‘जरा’ बाजूस ठेवून सरळ आकडाच सांगावा.