वाल्टर हालस्टाइन : कायद्याच्या बळावर युरोप जोडू पाहणारा जर्मन

युरोपच्या एकीकरणाची कथा सांगताना शूमान आणि झां मोने या दोन फ्रेंच पुरुषांची नावे सर्वप्रथम घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या कल्पनेला कायद्याचा देह देण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या वाल्टर हालस्टाइन या जर्मन मुत्सद्द्याचे नाव आपल्याकडे फारसे कानावर येत नाही. आले तरी ते एका अप्रिय सिद्धान्ताच्या निमित्ताने. या माणसाने आयुष्यभर एकच प्रश्न धरून ठेवला : बलवानाला कायद्याने बांधता येते की नाही? हा प्रश्न फक्त राष्ट्रांचा नाही. ज्याच्या हाती सत्ता नाही अशा प्रत्येकाचा तो प्रश्न आहे, म्हणून या चरित्राकडे आपण लक्ष द्यावे असे मला वाटते.

हालस्टाइनचा जन्म १७ नोव्हेंबर १९०१ रोजी माइन्त्स येथे झाला. वडील रेल्वेत अधिकारी होते. बॉन, म्युनिक व बर्लिन येथे कायद्याचे शिक्षण घेऊन १९३० साली, तिशीही पुरी झाली नसताना, तो रोस्टोक विद्यापीठात प्राध्यापक झाला. हिटलरच्या राजवटीत तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता. मात्र त्या राजवटीच्या व्यावसायिक संघटनांत त्याचे नाव होते, हेही नमूद केले पाहिजे. १९४२ साली त्याला सैन्यात बोलावले गेले. १९४४ च्या जूनमध्ये शेरबूर येथे तो अमेरिकनांच्या हाती सापडला आणि मिसिसिपी राज्यातील युद्धकैद्यांच्या छावणीत जाऊन पडला. तेथे त्याने कैद्यांसाठी कायद्याचे वर्ग सुरू केले, छावणीतच एक विद्यापीठ उभे केले. काटेरी तारेच्या आतही वर्ग भरवणारा माणूस पुढे काय करील, याची चाहूल तेथेच लागते. युद्धानंतर १९४६ साली तो फ्रांकफुर्ट विद्यापीठाचा कुलगुरू म्हणून निवडून आला.

९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी आपली योजना जाहीर केली. फ्रान्स व जर्मनी यांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक सत्तेखाली आणावे, म्हणजे एकमेकांविरुद्ध शस्त्रे घडविणेच अशक्य होईल, हा तिचा गाभा होता. पॅरिसच्या वाटाघाटींसाठी चॅन्सेलर आडेनौअर यांनी जर्मन प्रतिनिधिमंडळाचे प्रमुख म्हणून हालस्टाइनला निवडले. पंचवीस वर्षांपूर्वीपासून ज्याच्या हाती कायद्याचे पुस्तक होते, त्याच्या हाती आता दोन शत्रूंचा करारनामा आला. १८ एप्रिल १९५१ रोजी सहा राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या.

येथे कामगारांचा संबंध कसा येतो, हे थोडे थांबून पाहू. जर्मनीत शूमाखर यांच्या नेतृत्वाखालील समाजवादी पक्षाने या योजनेला कडाडून विरोध केला. पण कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाने तिला पाठिंबा दिला. त्याच वर्षी, मे १९५१ मध्ये, खाणी व पोलाद कारखान्यांच्या देखरेख मंडळांवर कामगारांना मालकांच्या बरोबरीने जागा देणारा कायदा जर्मनीत झाला होता. ज्यांना घरात वाटा मिळाला, त्यांना दार उघडण्याची भीती कमी वाटली. नव्या वरिष्ठ सत्तेला कोळसा-पोलादाच्या उत्पादनावर कर बसविण्याचा अधिकार होता, आणि खाण बंद पडली तर बेकार झालेल्या कामगाराला नवे काम शिकविण्यासाठी त्या निधीतून मदत मिळू शकत होती. बेल्जियमचे कामगार नेते पॉल फिने हे या सत्तेचे सभासद आणि १९५८ साली अध्यक्षही झाले.

हालस्टाइन १९५१ ते १९५८ परराष्ट्रखात्याचा सचिव होता. १९५५ साली त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेला सिद्धान्त असा की, पूर्व जर्मनीला मान्यता देणाऱ्या राष्ट्राशी पश्चिम जर्मनी संबंध तोडील. त्याची मांडणी बव्हंशी विल्हेल्म ग्रेवे यांची; नाव मात्र हालस्टाइनचे चिकटले. १९५७ साली युगोस्लाव्हियाशी आणि १९६३ साली क्यूबाशी संबंध तोडले गेले. रूरकेल्याचा पोलाद कारखाना पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने उभारणाऱ्या भारतानेही पूर्व जर्मनीला पूर्ण मान्यता १९७२ सालापर्यंत दिली नाही. कायद्याचा हाच माणूस येथे कायद्याचा वापर कुलूप म्हणून करीत होता. आणि ते कुलूप अखेर टिकले नाही.

२५ मार्च १९५७ रोजी रोमच्या करारावर जर्मनीच्या वतीने आडेनौअर यांच्यासह हालस्टाइनने सही केली. सामाईक बाजारपेठ अस्तित्वात येताच १९५८ च्या जानेवारीत तो तिच्या आयोगाचा पहिला अध्यक्ष झाला. आयोगाचे नऊ सभासद आपापल्या सरकारांचे वकील नसून संपूर्ण समुदायाचे सेवक आहेत, यावर त्याचा कटाक्ष होता. करारातील ११९ वे कलम स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन देण्याचे होते. कागदावरच्या त्या ओळीला बळ यायला पुढे न्यायालयांची मदत लागली, पण ओळ तेथे होती म्हणून न्यायालयाला काही म्हणता आले.

१९६५ साली हालस्टाइनने आपली सर्वांत मोठी खेळी केली. शेतीच्या खर्चाची व्यवस्था ठरवायची होती, आणि त्यात फ्रान्सच्या शेतकऱ्यांचे हित मोठे होते. हालस्टाइनने तीन गोष्टी एकत्र बांधल्या : शेतीचा खर्च, समुदायाला स्वतःचे उत्पन्न, आणि युरोपीय संसदेला अर्थसंकल्पावर अधिकार. शेतीसाठी तरी द गॉल बाकीचे गिळतील, असा त्याचा हिशेब. शिवाय प्रस्ताव सरकारांपुढे नीट ठेवण्याआधीच त्याने तो संसदेपुढे जाहीर केला. वाटाघाटीला बसलेला कोणताही संघटक सांगेल की, मागणीपत्र चव्हाट्यावर मांडण्यापूर्वी आपल्या बाजूचे लोक कोठवर उभे राहतील, हे चाचपावे लागते. ३० जूनच्या रात्री बोलणी फिसकटली आणि फ्रान्सने आपली खुर्ची रिकामी ठेवली. सहा महिने ती रिकामी राहिली. उरलेली पाच राष्ट्रे फुटली नाहीत, हे खरे. परंतु ती हालस्टाइनच्या अधिकारांसाठी उभी नव्हती. द गॉल यांनाही किंमत मोजावी लागली : डिसेंबरच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत त्यांना बहुमत मिळाले नाही, आणि नाराज शेतकरी हे त्याचे एक कारण मानले जाते. जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्ग येथे तडजोड झाली. एखाद्या राष्ट्राचे महत्त्वाचे हित गुंतले असेल, तर सर्वसंमती होईपर्यंत चर्चा चालू राहावी, असा आग्रह फ्रान्सने धरला आणि प्रत्यक्षात तोच नियम बनला. बहुमताचे तत्त्व करारात राहिले, व्यवहारात गोठले.

१९६७ साली बॉनच्या सरकारने पॅरिसशी जुळवून घेत हालस्टाइनला केवळ वर्षअखेरपर्यंत अध्यक्ष ठेवण्याची तयारी दाखविली. त्याने ती अर्धी भाकर नाकारली व पद सोडले. पुढे युरोपीय चळवळीचे अध्यक्षपद आणि १९६९ ते १९७२ संसदेचे सभासदत्व त्याने सांभाळले. २९ मार्च १९८२ रोजी श्टुटगार्ट येथे तो वारला.

मात्र त्याने मागितलेल्या गोष्टी एकामागून एक आल्या : १९७० साली समुदायाचे स्वतःचे उत्पन्न, १९७९ साली संसदेची थेट निवडणूक, १९८६ च्या करारात बहुमताचा विस्तार. त्याचे यश असे उशिराचे आहे. त्याची उणीवही स्पष्ट आहे. त्याने युरोप वरून बांधला. सामान्य माणसाची संमती नंतर येईल असे गृहीत धरले. कामगारांना मिळाली ती मुख्यतः सल्लागार समितीतील जागा. २०१६ साली ब्रिटनमधील मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, त्यामागची कारणे अनेक. पण ज्यांना कधी विचारले गेले नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांची नाराजी त्यात होती. कायदा बलवानाला बांधू शकतो, पण ज्यांच्यासाठी तो बांधला जातो त्यांनी तो आपला मानला पाहिजे. एवढे मात्र हालस्टाइनला वेळेवर करता आले नाही.