आसफनामा लिहिणारा वजीर

हैदराबादच्या निजामांची ‘आसफजाह’ ही पदवी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. पण हा आसफ कोण, हे फारसे कुणी विचारत नाही. इस्लामी परंपरेत आसफ हा राजा सुलेमानाचा, म्हणजे बायबलमधल्या सॉलोमनचा, शहाणा वजीर. सोळाव्या शतकात इस्तंबूलच्या तख्तावर खरोखरच एक सुलेमान होता. त्याने काढून टाकलेल्या मुख्य वजिराने पुढच्या वजिरांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली आणि तिचे नाव ठेवले ‘आसफनामा’. सुलतान सुलेमान असेल, तर त्याचा आसफ मी होतो, असे लुत्फी पाशा त्या नावातूनच सांगून टाकतो.

लुत्फी जन्माने बहुधा अल्बेनियन. ख्रिस्ती घरांतली मुले उचलायची, मुसलमान करायची आणि दरबारच्या चाकरीसाठी घडवायची, या उस्मानी पद्धतीतून तो दुसऱ्या बायेझिदच्या राजवाड्यात वाढला. विद्येची गोडी तिथलीच. पुढे ऱ्होड्स, व्हिएन्ना, कॉर्फू अशा मोहिमा, प्रांतांची सुभेदारी, आणि सुलेमानाची बहीण शाह सुलतान हिच्याशी लग्न. 1539 मध्ये आयास पाशा प्लेगने गेला आणि सुलतानाचा हा मेहुणा मुख्य वजीर झाला. जागा धोक्याची होती. आयासच्या आधीचा इब्राहिम पाशा सुलतानाचा जिवलग मित्र. 1536 मध्ये राजवाड्यातच त्याचा गळा आवळला गेला होता.

लुत्फीला जेमतेम दोन वर्षे मिळाली. तेवढ्यात 1540 मध्ये व्हेनिसशी तह झाला. ज्याची हुशारी त्याने आधीच्या मोहिमांत हेरली होती, तो सिनान मुख्य वास्तुकार झाला. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्याची जासुदांवरची कारवाई. सरकारी जासुदाला वाटेत दिसेल त्याचा घोडा हिसकावून घेण्याची मुभा होती. व्यापारी असो की शेतकरी, तो रस्त्यात पायउतार. हा जुलूम आपण आवरला, हे लुत्फी अभिमानाने लिहितो, आणि तो अभिमान रास्त आहे.

आसफनाम्याची प्रकरणे चार: वजिराने सुलतानाशी कसे वागावे, मोहीम कशी चालवावी, खजिना कसा राखावा आणि रयतेला कसे सांभाळावे. ‘रयत’ आणि ‘खजिना’ हे शब्द त्याच्या तुर्कीतही आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला पुस्तिका फारशी परकी वाटत नाही. खर्च उत्पन्नाच्या आत हवा, फौज थोडी पण चोख हवी, अधिकाऱ्यांची लाचखोरी हा औषध नसलेला रोग आहे, हा त्याचा सूर. जमिनीवर राज्य करणारे पुष्कळ झाले, समुद्रावर थोडेच, हेही तो बजावतो.

मग हा माणूस पडला कसा? तो स्वतः दांभिकांच्या चुगल्या आणि बायकांचे कारस्थान, एवढ्यावर भागवतो. इतर इतिहासकार वेगळी हकीकत देतात. व्यभिचाराच्या आरोपावरून त्याने एका वेश्येला अवयव कापण्याची शिक्षा दिली. कायद्यात अशी शिक्षा नव्हती. शाह सुलतानने त्याला जाब विचारला. तो तिच्या अंगावर धावून गेला. तिच्या नोकरांनी त्याला बदडून काढले आणि प्रकरण तिच्या भावाकडे गेले. 1541 मध्ये घटस्फोट झाला, वजिरीही गेली. प्राण वाचले, हे त्या काळात थोडे नव्हे.

ही हकीकत पुष्कळदा बायकोपुढे नमलेल्या वजिराची गंमत म्हणून सांगितली जाते. मला तीत गमतीचे काही दिसत नाही. घोडा गमावलेल्या वाटसरूचे दुःख ज्याला कळले, त्याला या बाईचे कळले नाही. तिचे नाव कुठे नाही, आणि आसफनाम्यात तर तीच नाही. तिच्या बाजूने बोलली ती एकटी शाह सुलतान; ‘बायकांचे कारस्थान’ ते हेच.

लुत्फीच्या जागी आला खादिम सुलेमान पाशा. 1538 मध्ये पोर्तुगीजांच्या दीवला वेढा घालून हात हलवत परतलेला सरदार तो हाच. समुद्राविषयी वजिरांना बजावणाऱ्या लुत्फीला हे पाहून काय वाटले असेल, याचा अंदाज करता येतो.

तो स्वतः दिमेतोकाच्या आपल्या मळ्यावर गेला. हे गाव आज ग्रीसमध्ये आहे. ज्याच्या राजवाड्यात लुत्फी वाढला, तो बायेझिद 1512 मध्ये तख्त सोडावे लागल्यावर याच गावाकडे निघाला होता आणि वाटेतच वारला. लुत्फी मात्र पोहोचला. मध्ये हजला जाऊन आला, आणि लिहीत राहिला: उस्मानी घराण्याचा इतिहास, धर्मशास्त्र, अरबी-तुर्कीत मिळून वीसएक ग्रंथ. 1554 मध्ये त्याने खिलाफतीवर ग्रंथ लिहिला. खलिफा पैगंबरांच्या कुरैश कुळातलाच हवा असे नाही, न्यायाने राज्य करणारा उस्मानी सुलतानही चालतो, हे त्यात शास्त्राधाराने मांडले आहे. 1920 च्या सुमारास, खिलाफत चळवळीच्या दिवसांत, हिंदुस्थानातले मौलवी याच प्रश्नावर भांडत होते. लुत्फीने ज्याच्यासाठी हा युक्तिवाद रचला, त्या सुलेमानाने त्याला पुन्हा कोणतेही पद दिले नाही. शाह सुलतानच्या नावाची मशीद इस्तंबूलच्या एयूप भागात आजही आहे.