कार्यपद्धतीची सुधारणा टिकते कशी ?

नाशिक शहरांतून त्र्यंबकेश्वराच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें म्हणजे सातपूर लागतें. एके काळीं हें शेतीवाडीचें गांव होतें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि पुढें येथें कारखान्यांची वसाहत उभी राहिली. डीझेल इंजिनाचीं नॉझलें करणारी मायको, मोटारी करणारी महिंद्र, टायर करणारी सिएट आणि या मोठ्या कारखान्यांस सुटे भाग पुरविणारीं लहान लहान वर्कशॉपें यांनीं या परिसराचें रूप पालटून टाकलें. १९८२ सालीं नाशिक महानगरपालिका झाली, तेव्हां सातपूर तिच्यांत सामील झालें. २००८ सालीं मायको कंपनीनें बॉश हें नांव धारण केलें. तथापि त्र्यंबक रस्त्यावरील चौकास लोक अद्यापि मायको सर्कल असेंच म्हणतात. अलीकडे याच वसाहतींत लेथच्या शेजारीं सॉफ्टवेअर तयार करणारा व संगणकांतील माहिती सांभाळणारा धंदाहि येऊन बसला आहे.

वरवर पाहतां नॉझल आणि सॉफ्टवेअर यांत साम्य असें कांहींच नाहीं. एक पोलादाचें, हातांत धरतां येणारें. दुसरें म्हणजे संगणकास द्यावयाच्या आज्ञांची नुसती मालिका. परंतु दोन्ही धंद्यांपुढें प्रश्न एकच आहे. आज चांगलें उतरलेलें काम उद्यां तसेंच कसें उतरावें, आणि परवां त्याहून चांगलें कसें व्हावें ? नॉझलमधील सुई व तिचें घर यांत अवघ्या दोन-चार मायक्रॉनांचें अंतर ठेवावयाचें असतें. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा सहस्रांश. इतकी अचूकता एका कुशल कारागिराच्या हातावर सोडून चालत नाहीं. ती सबंध कार्यपद्धतींतच मुरलेली असावी लागते.

या विचाराचा उगम १९२४ सालीं अमेरिकेंत झाला. टेलिफोनचीं उपकरणें करणाऱ्या कारखान्यासाठीं वॉल्टर श्यूहार्ट यांनीं एक साधा आलेख तयार केला. मालाच्या मापांत थोडा फरक नेहमींच पडतो. पण त्यांतला कोणता फरक स्वाभाविक आणि कोणता कांहीं विशेष बिघाडामुळें पडला, हें त्या आलेखावरून ओळखतां येऊं लागलें. तयार माल तपासून वाईट तेवढा फेकून देण्यापेक्षां तो जेथें बिघडतो तेथेंच उपाय करावा, हें त्यामागील तत्त्व होय. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून श्यूहार्ट १९४७-४८ मध्यें हिंदुस्थानांतहि आले होते. १९५० सालीं एडवर्ड्स डेमिंग यांनीं हाच विचार जपानी कारखानदारांस शिकविला. युद्धांत पोळलेल्या त्या राष्ट्रानें तो मनापासून उचलला, आणि १९५१ पासून डेमिंग यांच्या नांवानें पारितोषिक सुरू केलें. सातपूरला कारखाना असलेल्या सिएट कंपनीस तें २०१७ सालीं मिळालें.

सॉफ्टवेअरच्या धंद्यास हें शहाणपण उशिरा आलें. १९६८ सालीं जर्मनींतील गार्मिश येथें भरलेल्या परिषदेंत तज्ज्ञांनीं उघड कबूल केलें कीं, हीं कामें वेळेवर पुरीं होत नाहींत, खर्च अंदाजाबाहेर जातो आणि दोष तर शेवटपर्यंत राहतात. १९८४ सालीं पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची स्वतंत्र संस्था निघाली. आयबीएम कंपनींत सत्तावीस वर्षें काढलेले वॉट्स हम्फ्री १९८६ सालीं तेथें दाखल झाले. कोणत्या कंत्राटदारावर विश्वास टाकावा, हें ठरविण्याचें साधन अमेरिकेच्या वायुदलास हवें होतें. तें तयार करतांना हम्फ्री यांनीं फिलिप क्रॉसबी यांच्या गुणवत्तेच्या पांच पायऱ्यांचा आधार घेतला.

त्या पायऱ्या समजण्यास सोप्या आहेत. पहिल्या पायरीवरील संस्थेंत काम एखाद्या कर्तबगार माणसाच्या जोरावर निभावतें. तो गेला कीं सर्व गेलें. दुसरीवर आराखडा, वेळापत्रक आणि बदलांची नोंद येते. तिसरीवर साऱ्या संस्थेची एक लिखित पद्धति ठरते. चौथीवर ती पद्धति मोजली जाते, आणि पांचवीवर त्या मोजमापाच्या आधारें दोषाचें मूळच उपटून काढण्याचा नित्य प्रयत्न चालतो. येथें क्रमास फार महत्त्व आहे. ज्या कामाची पद्धति रोज बदलते त्याचे आंकडे गोळा करून उपयोग काय ? पाया भरल्यावांचून कळस चढविण्याचाच तो प्रकार होय.

कष्टाचें फळ मिळतें, याचींहि प्रमाणें आहेत. ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीच्या एका विभागानें १९८७ ते १९९० या काळांत दुसरीवरून तिसरी पायरी गांठली. त्यास सुमारें चार लाख डॉलर खर्च आला, आणि वर्षाकांठीं सुमारें वीस लाख डॉलरांची बचत झाल्याचें त्यांनीं प्रसिद्ध केलें. भारतांत मोटोरोलाच्या बंगळूर येथील केंद्रानें १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच पांचवी पायरी गांठून जगाचें लक्ष वेधलें. मुंबईस १९६८ सालीं स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची धुरा फकीरचंद कोहली यांनीं वाहिली. याच परिवारांत १९८१ सालीं पुण्यास संशोधनकेंद्र निघालें. सातासमुद्रांपलीकडील गिऱ्हाइकास येथील माणसें दिसत नव्हतीं. त्याचा विश्वास संपादण्यास पद्धतीवांचून दुसरें साधन नव्हतें.

परंतु याच ठिकाणीं धोकाहि दडलेला आहे. गिऱ्हाईक प्रमाणपत्र मागतो, म्हणून प्रमाणपत्र हेंच ध्येय होऊन बसतें. तपासनीस येण्याच्या आदल्या आठवड्यांत नोंदवह्या भरल्या जातात, आणि तो गेल्यावर त्या कपाटांत पडतात. लेथ असो वा संगणक, अशा ठिकाणीं काम करणाऱ्यास सुधारणा म्हणजे डोक्यावर आलेलें जादा लिखाण एवढाच अर्थ उरतो. लहान वर्कशॉपचा माल परत आला कीं मालकाचा पैसा अडकतो आणि कामगाराची मजुरी लांबते. त्या वेळीं भिंतीवरचें प्रमाणपत्र कोणाच्या उपयोगी पडत नाहीं.

मग यश कोठें येतें ? या इतिहासावरून चार गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली, वरिष्ठांनीं नुसती आज्ञा न देतां स्वतःचा वेळ द्यावा आणि सुधारणेसाठीं माणसें मोकळीं करावीं. हम्फ्री यांनीं आयबीएममध्यें असतांनाच, आराखडा झाल्यावांचून तारीख जाहीर करावयाची नाहीं, असा दंडक घातला होता. दुसरी, जो काम करतो त्यानेंच पद्धति लिहावी. जपानांत १९६२ पासून कामगारांचीं गुणवत्ता मंडळें निघालीं, भारतांत १९८० सालीं भेलच्या हैदराबाद येथील कारखान्यांत तसें मंडळ सुरू झालें, त्यांचें मर्म हेंच. तिसरी, मोजमाप शिकण्यासाठीं असावें, शिक्षेसाठीं नसावें. दोष दाखविणाऱ्यासच दंड होऊं लागला कीं दोष दिसेनासे होतात. मात्र ते नाहींसे होत नाहींत. कारखान्यांतून भय घालवा, असें डेमिंग आग्रहानें सांगत तें यासाठींच. चौथी, सुधारणा लहान लहान पावलांनीं व्हावी आणि तिचा संबंध धंद्याच्या खऱ्या अडचणीशीं असावा.

यांपैकीं एकहि गोष्ट फार खर्चाची नाहीं, आणि एकहि विकत आणतां येत नाहीं. म्हणूनच मोठ्या कंपनीस ती जितकी साधेल तितकीच सातपूरच्या चार लेथ असलेल्या वर्कशॉपासहि साधेल. मात्र त्यासाठीं मालकानें दिवसाअखेरीं कामगाराजवळ जाऊन, आज काम कोठें अडलें, असें शांतपणें विचारावयास हवें, आणि कामगारानें दिलेलें उत्तर लिहून ठेवून दुसऱ्या दिवशीं त्यावर उपाय करावयास हवा.