दिनविशेष, १४ मे : लाल रंगातला राजा

१४ मे २०२४. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात राजे चार्ल्स तिसरे यांनी स्वतःच्याच व्यक्तिचित्रावरचा पडदा दूर केला. राज्याभिषेकानंतरचे हे त्यांचे पहिले अधिकृत व्यक्तिचित्र. ते रंगवले होते ब्रिटिश चित्रकार जोनाथन यो यांनी. चौकटीसह सुमारे साडेआठ फूट उंचीच्या या चित्रात वेल्श गार्ड्सचा गणवेश आणि पार्श्वभूमी एकाच लाल रंगात विरघळून गेली होती. ठळक उरले ते चेहरा, तलवारीवर विसावलेले हात आणि खांद्याजवळचे एक फुलपाखरू.

काहींना त्या लालीत ऊब जाणवली, काहींना आग आणि रक्त दिसले. राजचित्रावर सामान्य माणसे इतक्या हिरिरीने बोलली, हेच या चित्राचे मोठे यश. राजाची ओळख पदकांनी आणि झगमगाटाने करून देण्याची रीत जुनी. यो यांनी तो थाट मागे सारून वयाने मुरलेला माणूस पुढे आणला. २०२१मध्ये पहिल्या बैठकीला समोर बसले होते युवराज. २०२३मध्ये शेवटच्या बैठकीला बसले ते राजे. हे स्थित्यंतर फुलपाखराने बोलके केले. क्षणात छायाचित्र टिपण्याच्या आजच्या काळात, चार बैठकांमधून एक चेहरा सावकाश समजून घेणारी ही कला म्हणूनच मोलाची. कॅमेरा क्षण पकडतो. चित्रकार माणसावरून सरलेला काळ रंगवतो.